दुपारची झोप आणि हौदातला पंखा

मी सांडपाण्याच्या हौदातला पंखा बोलतोय. आवाज मोठा असला तरी स्वभाव लाजाळू आहे. कुणी माझ्याकडे टक लावून पाहिलं की मी अवघडतो. तशी पाळी फारशी येत नाही म्हणा. इथे येणारा आधी नाक धरतो आणि मग मागे वळतो.

ग्रीसमधल्या या गावात मला आणलं तेव्हा मोठा समारंभ झाला. पाद्रीबाबांनी सुवासिक पाल्याची जुडी बुडवून माझ्या पात्यांवर पवित्र पाणी शिंपडलं. इतकं स्वच्छ पाणी पुन्हा कधी माझ्या अंगाला लागलं नाही.

माझं काम साधं आहे. हौदात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. गावाची घाण ते खातात, पण त्यांना श्वास लागतो. मी पाणी घुसळतो, त्यांना हवा मिळते आणि निवळलेलं पाणी शेजारच्या उथळ खाऱ्या तळ्यात जातं. त्या तळ्यात झाफिरिस कोळ्याचं मासे अडवायचं बोरूच्या काड्यांचं कुंपण आहे. उन्हाळा सरताना गाभोळीने भरलेले बोय मासे समुद्राकडे निघतात आणि त्यात अडकतात. ती गाभोळी, म्हणजे माशांची अंडी, सुकवून विकण्यावरच त्याचं घर वर्षभर चालतं.

या गावात दुपारची झोप फार पवित्र. जत्रेत रात्रभर ढोल वाजले तरी चालतात, पण दुपारी शेजाऱ्याने खुर्ची सरकवली तर भांडण होतं. आणि मी तर दिवसभर घरघरणारा. झाफिरिस पहाटेच तळ्यावर जायचा, म्हणून दुपारच्या झोपेची गरज त्यालाच जास्त. एके दिवशी तो बनियनवरच नगराध्यक्ष थ्रासिवुलोस यांच्या दारात उभा राहिला.

"अध्यक्ष, त्या राक्षसाला गप्प करा, नाहीतर मी तुमच्या बिछान्यात येऊन झोपतो!"

"ये की. मला तरी कुठे झोप लागते?"

झालं. रोज दुपारी मला बंद ठेवायचं ठरलं. माझी देखभाल करणारा पांडाझिस हात जोडून म्हणाला, "अध्यक्ष, आतले जीव गुदमरतील हो."

"अरे, त्यांनाही जरा पडू दे! ते काय परदेशी आहेत?"

गाव गाढ झोपलं. हौदातले जीवही झोपले, पण ते उठलेच नाहीत.

मग घाण तशीच तळ्यात जाऊ लागली आणि वास सुटला. कॉफीच्या दुकानात सगळ्यांनी शेजारच्या गावाला शिव्या दिल्या. नगरसभेने दुर्गंधीचा एकमताने निषेध केला आणि सभासद जेवून झोपायला गेले. खिडक्या मात्र लावून.

एका दुपारी झाफिरिस माशांनी भरलेली बादली घेऊन पळत आला. "पांडाझिस, बघ रे! माझे बोय तोंडं वर काढून हवा मागतायत. कुंपणाशी निम्मे उलटे पडलेत!"

"मागणारच. त्यांची हवा तूच बंद करवलीस ना?"

झाफिरिसचा चेहरा उतरला. त्याने स्वतःच माझं बटण दाबलं. मी खोकलो, थरथरलो आणि गरजलो. खिडक्या धडाधड उघडल्या.

"झाफिरिस, वेड लागलं का तुला? झोपेची वेळ आहे!"

"या ना झोपायला! या बादलीशेजारी अंथरूण घालतो तुमचं!"

अध्यक्षही पायजम्यात आले. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं, नाक दाबलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो. पंखा चालूच ठेवायचा."

मेलेले मासे परत आले नाहीत. त्या वर्षी झाफिरिसच्या घरात गाभोळी सुकली ती मूठभर. पण हौदात हळूहळू नवे जीव वाढले, पाणी निवळलं आणि पुढच्या उन्हाळ्यात बोय पुन्हा कुंपणाशी आले.

आता माझी पाती झिजली आहेत, आवाज आणखी वाढला आहे. झाफिरिस दुपारी खाट घेऊन माझ्या कठड्यापाशी येतो. घरी म्हणे त्याला झोप लागत नाही. मी घरघरतो, तो घोरतो, आणि गाव आम्हा दोघांनाही शिव्या देतं.

द्या बापड्यांनो. मी ऐकू येत असेन तर खुशाल कूस बदला आणि झोपा. ज्या दुपारी मी ऐकू येणार नाही, त्या दुपारी मात्र कृपा करून उठा.