वारा उजव्या गालावर

सकीनत लग्न होऊन डोंगराच्या पायथ्याच्या आझाउला आली त्याला अकरा महिने झाले होते, आणि अकरा महिन्यांत ती सासऱ्यांशी एक अक्षर बोलली नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं, रीतच तशी. नव्या सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही. एक दिवस सासराच चार माणसांत तिला भेट देतो, 'बोल पोरी' म्हणतो आणि मग तिची जीभ मोकळी होते. नवऱ्याचं नावही घ्यायचं नसतं, म्हणून ताहीरला ती 'ट्रॅक्टरवाले' म्हणायची, कारण तो उतारावरचा बर्फ सारखा करणारा पट्ट्यांचा ट्रॅक्टर चालवायचा. बहुतेक घरांत हा प्रकार महिना-दोन महिन्यांत आटपतो. ताहीरच्या कुल्सूमआत्यांची जीभ तर त्यांच्या सासऱ्यांनी बाराव्या दिवशी एक गाय देऊन मोकळी केली होती, आणि ती त्यानंतर आजतागायत थांबलेली नाही.

गंमत म्हणजे या मुक्या सुनेचा आवाज रोज सकाळी सातला अख्खं खोरं ऐकत असे. मिंगी-ताउच्या, म्हणजे परके लोक ज्याला एल्ब्रुस म्हणतात त्या डोंगरावर, दोरावरच्या पाळण्याच्या वरच्या स्टेशनपाशी एक पत्र्याची खोली आहे. तिथे जाऊन डोंगराची खबर द्यायची, ही सकीनतची नोकरी. अंधारातच बुटांना काटे बांधून ती वरच्या काळ्या खडकांपर्यंत जायची, जागोजागी काठी खुपसून बघायची, वाटेच्या खुणेचे बांबू सरळ करायची आणि परत येऊन रेडिओवर सांगायची: खडकांखाली काच, खडकांवर काच, वारा पश्चिमेचा, चढणाऱ्यांनी दोर बांधावा, स्कीवाल्यांनी खालीच खेळावं. काच म्हणजे आमच्याकडचा हिवाळी निळा, टणक बर्फ. त्याच्यावर पाय घसरला की माणूस थांबत नाही, फक्त लहान लहान दिसत जातो.

खाली अंगणात तिचे सासरे, आझ्रेत, लाकडं फोडता फोडता ही खबर ऐकायचे आणि 'काच' आलं की थुंकायचे. चाळीस वर्षं त्यांनी या डोंगरावर माणसं चढवली होती आणि अडकलेली उतरवली होती. दर हिवाळ्यात दोन-तीन दिवस असे येतात की समुद्राकडचा ओला वारा सुटतो आणि त्याच्याबरोबर आलेला मऊ बर्फ काचेवर लिंपल्यासारखा बसतो. त्या दिवसांत आझ्रेत दोन शिखरांमधल्या खिंडीतून स्कीवरून निघायचे ते थेट आझाउला येऊन थांबायचे. यंदा त्यांना सत्तर पूर्ण झाली होती. शरदात उजवा गुडघा बदलला होता. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की बर्फ आता खिडकीतून बघा.

घरात दोघांचं बोलणं मांजराच्या मार्फत चालायचं. "मांजरा, चहा झालाय, मीठ-मिरी घातलीय," असं सकीनत म्हणायची. "मांजरा, लोणी थोडं जास्त चालेल म्हणावं," असं आझ्रेत म्हणायचे. मांजर बिचारं दोघांकडे बघत बसायचं. शेजारणी हसायच्या, सकीनतही हसायची. पण सहा महिने झाले, आठ झाले, दहा झाले, तसं तिचं हसणं कमी झालं. काचेवर काठी घेऊन फिरणारी सून त्यांना पसंत नसणार, असं तिनं मनाशी धरलं. तिला स्वतःचे वडील नव्हते. 'बाबा' हा शब्द कोणाला तरी हाक मारायला मिळावा, एवढीच तिची इच्छा होती आणि ती इच्छा तिला आतून टोचत होती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ओला वारा सुटला. दोन दिवस, दोन रात्री बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी आकाश मोकळं झालं, कोरडा पश्चिम वारा आला, आणि पहाटे सकीनतनं खडकांवर काठी खुपसली तर ती हातभर आत गेली. तिला इतका आनंद झाला की खबर देताना तिचा आवाज उड्या मारत होता. खडकांखाली बर्फ, खडकांवर बर्फ, खिंडीपर्यंत स्की चालेल, फक्त वाटेच्या पूर्वेला जाऊ नका, तिथे वाऱ्यानं अजून काच उघडी ठेवलीय आणि काचेच्या पुढे भेगा आहेत. रेडिओ खाली ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की ही खबर कोण कोण ऐकतंय.

उशीर झाला होता. अर्ध्या तासात ट्रॅक्टर खोलीसमोर येऊन थांबला आणि त्यातून स्की खांद्यावर घेतलेले आझ्रेत उतरले. मागून ताहीर उतरला. त्याचा चेहरा एकाच वेळी बायकोची आणि बापाची माफी मागत होता. मफलरी आणि मोजे विणून विकणाऱ्या कुल्सूमआत्या खोलीत खिचिन, म्हणजे बटाटा-चीज भरलेल्या पोळ्या, भाजत होत्या. मांजर घरी राहिलेलं, म्हणून आझ्रेत सरळ लोखंडी शेगडीकडे वळले.

"शेगडीबाई," ते म्हणाले, "खडकांपर्यंत ट्रॅक्टरनं जातो, पुढे खिंडीपर्यंत पायी. दुपारच्या खिचिनला परत."

"शेगडीबाई," सकीनत म्हणाली, "काही लोकांचा गुडघा नवा आहे. आणि अकरानंतर ढग येईल, असं वायुभारमापक सांगतोय."

"ढग आला तर आला. म्हाताऱ्यांना डोळे लागत नाहीत. पश्चिम वारा उजव्या गालावर ठेवला की माणूस बरोबर घरी येतो, हे शेगडीच्या जन्माच्या आधीपासून ठरलेलं आहे."

कुल्सूमआत्यांनी भावाला दहा गोष्टी सुनावल्या, त्याच्या सत्तरीच्या आधीपासूनच्या काही जुन्याही. आझ्रेतनी त्या ऐकून घेतल्या, एक खिचिन खिशात टाकला आणि ते गेले.

साडेदहापर्यंत सगळं छान चाललं होतं. ते खिशातल्या रेडिओवरून मधूनमधून बढाया मारत होते, खिंडीत पोचल्याचं सांगत होते, आणि बर्फ लोण्यासारखा आहे हे तर तीनदा सांगून झालं होतं. सकीनत दार उघडं टाकून ऐकत होती. तिनं बाहेर पाहिलं आणि तिला दिसलं की ढग वेळेआधीच येतोय. पंधरा मिनिटांत वरचा डोंगर गायब झाला. ताहीर तोवर ट्रॅक्टर घेऊन खालच्या उतारावर पोचला होता आणि ढगात वर येणं त्याला शक्य नव्हतं.

आझ्रेतचा आवाज आला. निवांत होता. "दिसत काही नाही. पण वारा उजव्या गालावर आहे, ठीक चाललंय."

सकीनतची नजर दारापुढच्या बांबूवर गेली. बांबूंना तिनं आत्यांच्या न खपलेल्या लाल मफलरींच्या पट्ट्या बांधल्या होत्या. सकाळी पट्टी पूर्वेकडे फडफडत होती. आता ती सरळ डोंगराकडे फडफडत होती. वारा फिरला होता. तो दक्षिणेचा झाला होता, आणि दक्षिणेचा वारा जो माणूस उजव्या गालावर ठेवेल त्याचं तोंड दक्षिणेला घराकडे नाही, पूर्वेकडे असतं.

तेवढ्यात रेडिओ पुन्हा बोलला. "इथे जरा कडक लागतंय. स्की करकरतेय."

करकर म्हणजे काच. काच फक्त पूर्वेला होती. पुढे भेगा होत्या. शेगडी, मांजर, रीत यांपैकी काहीच त्या क्षणी तिला आठवलं नाही. तिनं बटण दाबलं. "थांबा! एक पाऊल हलू नका!"

स्की थांबल्याचा आवाज कोणाला ऐकू येत नाही, पण अख्ख्या खोऱ्याला तो ऐकू आल्यासारखा वाटला. खाली तिकीट देणारा, वर पाळणा चालवणारा, ट्रॅक्टरमधला ताहीर, सगळ्यांनी ऐकलं होतं. सून सासऱ्यांशी बोलली होती, तेही दटावून.

मग आझ्रेत हळूच म्हणाले, "कोण बोललं?"

कुल्सूमआत्यांनी सकीनतच्या हातातून रेडिओ ओढून घेतला. "शेगडी बोलली. तिचं वय झालंय, तिला रीत आठवत नाही. थांबलास ना? मग ती पुढे काय म्हणतेय ते ऐक." आणि रेडिओ परत तिच्या हातात दिला.

"शेगडीबाई," सकीनत म्हणाली. शब्द एकेक सुटा होता. "वारा फिरलाय. आता दक्षिणेचा आहे. वर जो कोणी उभा आहे, त्यानं स्कीच्या कडा काचेत रुतवाव्यात, हळू वळावं आणि वारा डाव्या गालावर घ्यावा. खाली उतरायचं नाही, फक्त आडवं चालायचं. दोनशे पावलांत बांबू लागेल. मग वारा नाकावर घ्यायचा आणि बांबू मोजत यायचं. नवा गुडघा वरच्या बाजूला राहू द्यावा."

"शेगडीला सांगा, समजलं," आझ्रेत म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी डोंगरावर लोकांना हुकूम दिले होते. हुकूम ऐकायची सवय नव्हती, पण ते ऐकत होते. ते मोठ्यानं पावलं मोजायला लागले. शंभराला त्यांचा श्वास लागला. दीडशेला त्यांनी थांबून शिवी दिली, गुडघ्याला. दोनशेला काही नव्हतं. दोनशे दहाला काही नव्हतं. सकीनत डोळे मिटून उभी होती, आणि आत्यांच्या तव्यावरचा खिचिन करपत होता.

"दोनशे एकतीस," रेडिओ म्हणाला. "मफलर सापडली. कुल्सूम, तुझी मफलर शेवटी कोणाच्या तरी उपयोगी पडली."

आत्या रडता रडता हसल्या. सकीनत शेगडीजवळ बसली. पुढची चाळीस मिनिटं आझ्रेत एकेक बांबू मोठ्यानं मोजत आले, आणि दर बांबूला खालून कोणीतरी रेडिओवर 'शाबास शेगडी' म्हणत होतं.

खोलीच्या दारात ते उभे राहिले तेव्हा मिशांवर बर्फ होता आणि चेहरा पंचवीस वर्षांच्या माणसासारखा फुललेला होता. तोवर ताहीर आला होता, पाळणावाले आले होते, काच निघायची वाट बघत आठवडाभर पडून राहिलेले चार गिर्यारोहकही आले होते. सकीनत भिंतीला टेकून मान खाली घालून उभी होती. तिनं रीत मोडली होती, सगळ्यांच्या कानांदेखत.

आझ्रेतनी पाठीवरची पिशवी सोडली. आतून प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळलेली एक घडी काढली. बकरीच्या मऊ लोकरीची पांढरी शाल. ताहीरच्या वारलेल्या आईची होती, त्यानं आणि आत्यांनी लगेच ओळखली. त्यांनी ती उलगडून सकीनतच्या खांद्यांवर टाकली.

"तू आलीस त्याच आठवड्यात काढून ठेवली होती," ते म्हणाले. आज पहिल्यांदा ते शेगडीकडे न बघता तिच्याकडे बघत होते. "रोज सकाळी तुझी खबर ऐकतो. या डोंगराबद्दल इतकं खरं बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. म्हणूनच घाबरलो. म्हटलं, हिचं तोंड उघडलं की पहिलं वाक्य असणार, 'आता स्की पुरे.' आणि सून म्हणाली की ते ऐकावं लागतं. म्हटलं, एक शेवटची फेरी मारतो, वरून आलो की देतो. बोल पोरी. काय म्हणायचं ते म्हण. ऐकतो."

ताहीरनं टोपी काढून हातात धरली. सकीनतनं शाल दोन्ही हातांनी गळ्याशी ओढून घेतली.

"बाबा," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडात किती गोड लागतो हे कळायला क्षणभर थांबली. "आज रात्री बर्फ आणखी बसेल. उद्या वारा पुन्हा पश्चिमेचा होईल, ढग नाही. मीही स्की घेऊन येते. पण पुढे मी राहीन."

आझ्रेतचे डोळे भरून आले. ते त्यांनी मिशांवरच्या बर्फासकट पुसले. मग त्यांच्या लक्षात आलं की वाक्याचा शेवट नीट ऐकायचा राहिला.

"पुढे तू? चाळीस वर्षं पुढे मी आहे."

"आज बांबू कोणाचे होते, बाबा?"

"बांबू तुझे. डोंगर माझा."

"आणि गुडघा डॉक्टरांचा."

सासरे-सुनेचं पहिलं भांडण तिथेच सुरू झालं, आणि अख्ख्या खोऱ्यानं ते शेवटपर्यंत आनंदानं ऐकलं, कारण रेडिओचं बटण कुल्सूमआत्यांनी दाबून धरलं होतं.