दोन इंच माया

कपडेपटाच्या खोलीत टेपबाईंना तेवीस वर्षं झाली होती. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. साऱ्या नाटक कंपनीत त्या टेपबाई. गळ्यात कायम टेप, ओठांत दोन टाचण्या, आणि नजर समोरच्याच्या तोंडावर कमी, कंबरेवर जास्त. कोणाला दिवस गेलेत, कोण प्रेमभंगानं वाळलंय, कोण बायकोशी भांडून आठवडाभर बाहेर जेवतंय, हे त्यांना त्या त्या माणसाच्या घरच्यांआधी कळायचं. पण कळलेलं पोटात ठेवायची त्यांना सवय होती.

नव्या नाटकाचा नायक कैदी होता. तो तुरुंगात तीस दिवस उपोषण करतो, तिसऱ्या अंकाच्या शेवटी प्राण सोडतो, आणि जेलर त्याचा देह खांद्यावर टाकून बाहेर नेतो. ही भूमिका कंपनीच्या मुख्य नटाकडे आली. त्यांना सगळे नटवर्य म्हणत. पहिल्यांदा कोणीतरी थट्टेनं म्हटलं होतं, त्यांनी ते मनावर घेतलं. नटवर्यांचा आवाज असा, की शेवटच्या रांगेत डुलकी काढणारा माणूस दचकून उठावा. पोटही शेवटच्या रांगेतून नीट दिसणारं.

दिग्दर्शक तरुण आणि तापट होता. पहिल्याच तालमीला तो म्हणाला, "तीन महिने आहेत. कैद्याला पोट नसतं. बाई, यांचे कपडे छत्तिसाच्या मापाचे शिवा. आता बेचाळीस आहे ना? कपडे बदलायचे नाहीत, माणूस बदलायचा."

"बदलला समजा!" नटवर्य म्हणाले आणि पोटावर थाप मारली. खोलीत आवाज घुमला.

टेपबाईंनी कापड कापलं. सदऱ्याच्या बाजूच्या शिवणीत एरवी पाऊण इंच माया पुरते. म्हणजे पुढं कधी सैल करायचा झाला तर आत सोडलेलं कापड. त्यांनी गपचूप दोन-दोन इंच सोडलं. तेवीस वर्षांत त्यांनी अनेक नट बदलताना पाहिले होते. कुठल्या दिशेनं, ते त्यांना माहीत होतं.

आठवड्यानं नटवर्य कपडेपटात आले ते वाचून-सवरून. उंच स्टुलावर बसून त्यांनी योजना समजावली. सहा दिवस उकडलेल्या भाज्या, अंडी आणि पाणी. सातव्या दिवशी, रविवारी, हवं ते.

"याला नियोजित चैन म्हणतात, बाई. लोक डाएट सोडतात का? तर कायमचं बंद म्हटलं की मन बंड करतं. त्याला तारीख द्या. रविवारी मिळणार आहे म्हटलं की सोमवार ते शनिवार ते गरीब गाईसारखं बसतं."

"आणि रविवारी?"

"रविवारी शरीर फसतं. त्याला वाटतं, चांगले दिवस आले. ते साठवलेलं जाळून टाकतं."

शरीर इतकं भोळं असेल असं टेपबाईंना वाटलं नाही. पण माणूस इतक्या मनापासून बोलत होता, की त्यांनी मान डोलावली आणि वहीत लिहिलं: शनिवार, बेचाळीस. दर शनिवारी माप घ्यायचं आणि वही दिग्दर्शकाला दाखवायची, असं ठरलं.

आणि खरंच गुण आला. चार शनिवारांत बेचाळीसचे चाळीस झाले. नटवर्यांच्या चेहऱ्यावर हनुवटी नावाची वस्तू दिसू लागली. कंपनीभर योजनेचा बोलबाला झाला. तिकीट खिडकीपासून दिवेवाल्यापर्यंत सगळ्यांनी नियोजित चैन सुरू केली. फक्त बहुतेकांनी ती सातव्या दिवसापासून सुरू केली. आधीचे सहा दिवस सवडीनं करू म्हणाले.

टेपबाईंनीही मनावर घेतलं. गुडघे दुखायचे, शिलाई मशीनचं पायडल मारताना कळ मस्तकात जायची, आणि डॉक्टरांनी आठ किलो उतरवा म्हणून दोनदा दम दिला होता. घरी त्या आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच राहत. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. शाळा सुटली होती, घंटा सुटली नव्हती.

"रविवारी एक पेस्ट्री," टेपबाईंनी भीतभीत मांडलं.

"खा की," ताई म्हणाली.

रविवारी पेस्ट्री आली. ताईनं सुरीनं तिचे दोन भाग केले, एक धाकटीच्या बशीत ठेवला आणि दुसरा कागदात गुंडाळून चपला घातल्या.

"अगं, कुठं निघालीस?"

"शेजारच्या आजोबांना देऊन येते. तू खा तोवर."

"एक पेस्ट्री ठरली होती!"

"एक आणलीच ना? कोणी खायची ते कुठं ठरलं होतं?" परत येऊन ताईनं बशी धुतली, पालथी घातली आणि म्हणाली, "झाला रविवार." सकाळचे अकरा वाजले होते. टेपबाईंना इतका राग आला, की त्या तरातरा फिरायला निघून गेल्या आणि तासाभरानं परतल्या. मग ते दर रविवारचंच होऊन बसलं.

तिकडं नटवर्यांचा रविवार मात्र अंग धरू लागला. आधी तो शनिवारी संध्याकाळी सुरू व्हायला लागला, कारण पोटाला एकदम धक्का नको. मग सोमवारी दुपारपर्यंत पुरायला लागला, कारण उरलेलं अन्न टाकणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पुढं रविवारची तालीम लागली, तेव्हा त्यांनी चैन बुधवारी हलवली. आणि रविवारी शरीर वाट बघत राहील म्हणून रविवारचीही ठेवली. उरलेल्या दिवसांत ते उकडलेला कोबी चघळत पुढच्या चैनीची यादी करत. तळलेले बटाटे, मग आइस्क्रीम, मग पुन्हा खारट काहीतरी. तालमीत संवाद अडखळायचे, यादी तोंडपाठ असायची.

सहाव्या शनिवारी टेप साडेचाळिसावर थांबली.

"श्वास सोडून बघतो," नटवर्य म्हणाले. श्वास सोडल्यावर एक्केचाळीस झाली.

त्यांनी दार लोटलं आणि आवाज उतरवला. त्यांचा उतरवलेला आवाजही जिन्यापर्यंत जाई. "टेपबाई, तुम्ही मला पहिल्या नाटकापासून पाहताय. अहो, एका आठवड्याचा प्रश्न आहे. तो पोरगा माझी भूमिका काढून घेईल. या वयात पुन्हा अशी भूमिका यायची नाही. साडेएकोणचाळीस लिहा. पुढच्या शनिवारी मी ते खरं करून दाखवतो."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. ते नट होते हे टेपबाईंना माहीत होतं, तरी गलबललं. त्यांनी साडेएकोणचाळीस लिहिलं आणि ते गेल्यावर सदऱ्याची शिवण उसवून माया थोडी सोडली. फक्त एवढा एक आठवडा, असं स्वतःला बजावलं.

पुढच्या शनिवारी वहीत एकोणचाळीस लागलं. मग साडेअडतीस. वहीतला माणूस आठवड्याला अर्धा इंच बारीक होत होता आणि सदऱ्यातला हळूहळू जाड. दिग्दर्शक वही बघून खूश व्हायचा. "शिस्त म्हणतात ती ही!" तो सगळ्यांना सांगायचा. कपडे अंगाला नेमके बसत होते, मग शंका तरी कशाची यावी? टेपबाई मात्र शनिवारी घरी आल्या की नीट असलेल्या शिवणीही उसवून पुन्हा घालत बसायच्या. ताईनं एकदा विचारलंसुद्धा, "वजन चिंतेनं उतरतंय का तुझं?" त्यांनी विषय बदलला.

पडदा उघडायला चार दिवस राहिले आणि पोशाखासह पहिली पूर्ण तालीम लागली. आतापर्यंत देह उचलण्याचा प्रसंग नुसता तोंडी सांगून पुढं जात होते. आज तो करायचा होता. वहीत साडेछत्तीस होतं.

जेलरचं काम करणारा नट काटकुळा होता. कितीही खाल्लं तरी अंगी न लागणारा. त्याच्याकडे बघून इतरांच्या जिवाचा जळफळाट होई. स्वभावानं मात्र गरीब. नटवर्यांनी शेवटचा संवाद म्हटला, मान टाकली. जेलर गुडघ्यावर बसला, दोन्ही हात कैद्याखाली घातले आणि जोर केला. कैदी हलला नाही. जेलरनं बाजू बदलली. मग त्यानं पाय ओढून पाहिले. तिसऱ्या खेपेला तो देह खांद्यापर्यंत आला, जेलरच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, आणि दोघं तुरुंगाच्या पुठ्ठ्याच्या भिंतीसकट आडवे झाले.

"अरे!" सर्वांत आधी मृतदेह ओरडला.

दिग्दर्शक धावत रंगमंचावर आला आणि जेलरवर तुटून पडला. "साडेछत्तीस कंबरेचा माणूस उचलवत नाही तुला? हा माणूस तीन महिने अर्धपोटी राहिला, आणि तुला थोडी ताकद कमवता आली नाही? उद्यापासून येऊ नकोस. मी दुसरा बघतो."

जेलर भिंतीखालून निघत होता. त्यानं कंबर धरली होती. "सर, जड आहेत हो ते," एवढंच तो पुटपुटला. नटवर्य सदऱ्याची धूळ झटकत राहिले. ते वर बघेनात.

टेपबाई पडद्याआड उभ्या होत्या. ओठांतल्या टाचण्या त्यांनी काढून हातावर घेतल्या. त्याशिवाय मोठ्यानं बोलता आलं नसतं.

"त्याची चूक नाही. ते साडेबेचाळीस आहेत."

"काय?"

"सुरुवातीपेक्षा अर्धा इंच जास्तच. वहीत मी खोटं लिहिलं. कपड्याची माया दर आठवड्याला मी सोडत आले. आता सोडायला काही उरलं नाही." त्यांनी सदऱ्याचा काठ उलटा करून दाखवला. शिवण अगदी कापडाच्या कडेवर चालली होती.

मग नटवर्यांनी छातीवर हात ठेवून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "बाई, तुम्हीसुद्धा?"

"मीच," टेपबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही."

दिग्दर्शकानं अर्धा तास आरडाओरडा केला. टेपबाईंना काढून टाकतो म्हणाला, पण चार दिवसांत कपडे कोण शिवणार हे आठवल्यावर ते वाक्य त्यानं अर्ध्यावर सोडलं. मग तो खुर्चीत बसला, एकदा काटकुळ्या जेलरकडं, एकदा नटवर्यांकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तीन महिने डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याला तेव्हा दिसली. दोघांच्या भूमिका बदलल्या. जेलरला कैद्याचे संवाद पाठच होते, कारण नटवर्य आपले विसरत तेव्हा तोच मागून सांगे; जेलरचे कमी होते, ते नटवर्यांनी चार दिवसांत पाठ केले.

टेपबाईंनी चार दिवस मान वर केली नाही. नव्या कैद्याचं माप घेताना तो हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही बोलला नसता तर मी घरी बसलो असतो."

"सरळ उभा राहा," त्या म्हणाल्या. तीस कंबर होती. त्यांनी वहीत तीस लिहिलं.

नाटक चाललं. नवा कैदी असा मरायचा की बायका डोळे पुसत. आणि जेलर तर लोकांना फारच आवडला, कारण उपाशी कैद्यासमोर बसून जेवायचा त्याचा प्रसंग दर अंकात होता. दिग्दर्शकाला खोटं जेवण मंजूर नव्हतं. पहिल्या अंकात भाजलेली कोंबडी, दुसऱ्यात तळलेले बटाटे, तिसऱ्यात केकचा मोठा तुकडा. आठवड्याला पाच प्रयोग.

"नशीब काढलं," पहिल्या आठवड्यात नटवर्य म्हणाले आणि नंतर आत येऊन उरलेला केकही संपवला. दुसऱ्या आठवड्यात ते केक आत आणेनासे झाले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "आजही कोंबडीच का?" भूक असो-नसो, ठरलेल्या वाक्याला घास तोंडात, ठरलेल्या वाक्याला तो खाली गेलाच पाहिजे, वर चेहऱ्यावर आनंद. प्रयोग संपला की घरी जाऊन ते सूप पीत आणि खिडकीत बसत. सुटीच्या दिवशी त्यांच्या बायकोनं आइस्क्रीम विचारलं तर म्हणाले, "आज सुटी आहे ना माझी?"

पन्नासाव्या प्रयोगाला कंबर साडेएकोणचाळीस भरली. टेपबाईंनी दोनदा मोजली, कारण आपल्या हातावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात नटवर्यांची मुलाखत आली, बाजूनं काढलेल्या फोटोसह. 'नियोजित चैनीनं मला घडवलं' असं ठळक शीर्षक होतं. त्यात सहा दिवस होते, सातवा दिवस होता, भोळं शरीर होतं. साडेबेचाळीस कुठं नव्हतं. प्रयोगानंतर कलाकारांच्या दारापाशी बायका-पुरुष वही घेऊन उभे राहू लागले. नटवर्य सहीसोबत सल्ला देत. टेपबाई बाजूनं निघून जात.

महिनाअखेरीला त्या गुडघे दाखवायला गेल्या. काट्यावर उभ्या राहिल्या तर पाच किलो उतरले होते. डॉक्टर स्वतः खुर्चीत जरा अडकूनच बसत. त्यांनी चष्मा वर केला.

"कसं जमवलंत?"

"रविवारी अर्धी पेस्ट्री. उरलेली अर्धी ताई शेजारी देऊन येते. मग मला राग येतो आणि मी चालायला जाते."

"ते ठीक आहे हो," डॉक्टर म्हणाले आणि पुढं झुकले. "पण तुम्ही त्याच कंपनीत ना? ते नटवर्य नक्की काय खातात, ते मला जरा खाजगीत सांगा."

खोटं लिहायचं नाही असं टेपबाईंनी ठरवलं होतं.

"आठवड्यातून पाच वेळा अख्खी कोंबडी, तळलेले बटाटे आणि केक. आठशे माणसांसमोर बसून."

डॉक्टरांनी पेनचं टोपण काढलं. "कोंबडी कातडीसकट?"