खूण नसलेली बाटली

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. जाड काचेची, हिरवट, मानेशी थोडी वाकडी. जुन्या वस्तू मऊ आवाजात बोलतात, झाले गेले विसरतात, असे तुम्हाला वाटत असेल. मी त्यातली नाही. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. का ते ऐका.

माझा जन्म भट्टीतला. वितळलेल्या काचेत एका कारागिराने फुंकर घातली आणि मी झाले. पोटात कसलेसे शक्तीचे औषध भरून मी नगरच्या एका दुकानात आणि तिथून एका घरात आले. औषध संपले, तेव्हा मला परसात फेकून दिले. पण त्या वेळी मोठे युद्ध चालू होते आणि बाजारात नव्या बाटल्या मिळत नव्हत्या. दवाखान्यांनी सांगून टाकले होते की औषध हवे असेल तर बाटली घरून आणा. मग आमच्यासारख्या टाकलेल्या बाटल्यांनाही भाव आला. जुन्या बाटल्या गोळा करणाऱ्या गनीभाईंनी मला उचलले, गोणीत टाकले आणि फिरत फिरत प्रवरेकाठच्या एका बाजारगावी आणले.

तिथे मला मालनबाईने घेतले. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायची. तिची चार वर्षांची सगुणा दोन दिवस जुलाबाने हैराण होती.

"भाई, फुटकी नगं देऊ हां," मालनबाई म्हणाली.

"अगं, हिला दगडावर आपट, दगड फुटेल," गनीभाई म्हणाले. "मान जरा वाकडी आहे खरी. आमच्या घरवालीसारखी, मुबारकबीसारखी. पण ती बी कुठं फुटली अजून?"

पोरीच्या काळजीतही मालनबाई हसली. घरी नेऊन तिने मला राखेने घासले, कढत पाण्याने विसळले आणि कुडावर उन्हात उपडी घातली. ऊन माझ्यातून जमिनीवर पडले, त्याचा हिरवा ठिपका झाला. आजारी सगुणा तो ठिपका मुठीत धरायला बघत होती. मूठ उघडायची, रिकामी दिसायची, पुन्हा मिटायची. इतके कौतुक माझे त्याआधी कुणी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. मित्रांनो, तिथली रीत नीट समजून घ्या. डॉक्टर सुमंत खुर्चीवर बसून रोग्याला तपासत आणि चिठ्ठीवर औषध लिहून देत. शेजारच्या खिडकीत शामकांत कंपाउंडर ते औषध मापाने ओतून बाटलीत भरत. मग एक कागदाची पट्टी घेऊन तिच्या कडेला कात्रीने खाचा पाडत आणि खळ लावून ती बाटलीवर चिकटवत. एका वेळी एका खाचेपर्यंत औषध प्यायचे. मोठ्या माणसाला खाचा मोठ्या, लहान मुलाला बारीक. वाचता न येणाऱ्यालाही कळावे, अशी ती सोय होती. शेवटी शामकांत रजिस्टरात लिहीत, की अमुक औषध दिले आणि घ्यायची रीत समजावली.

किती चांगली रीत! पण ती ओट्यावर चढणाऱ्यांसाठी होती.

त्या काळी काही माणसांना शिवायचे नाही, असा एक दुष्ट रिवाज होता. मालनबाईच्या वस्तीतल्या माणसांनी ओट्याखाली, बाभळीपाशी उभे राहायचे. डॉक्टरांनी खुर्चीवरूनच विचारायचे, "काय होतंय?" कंपाउंडरने पायरीवर येऊन उंचावरून औषध ओतायचे आणि रोग्याने खाली धरलेल्या बाटलीत ते झेलायचे. आता मला सांगा, ज्या बाटलीला हात लावायचा नाही, तिच्यावर पट्टी कशी चिकटवणार? चिकटवतच नसत. बाभळीखालच्या एकाही बाटलीवर कधी खूण नव्हती.

माझ्यातही तसेच वरून औषध पडले. थोडे मानेवरून ओघळले.

"सायेब, ह्ये किती द्यायचं?" मालनबाईने विचारले.

"खुणेनं द्यायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"पर खूण कुटं हाय?"

"ए बाई, मागं माणसं उभी आहेत ना? चल, हो पुढं!"

शामकांत आत गेले. खिडकीतून मला दौतीत बुडणारा त्यांचा टाक दिसला. रजिस्टरात नेहमीचेच शब्द उमटले असणार. औषध दिले. रीत समजावली. मी काचेची म्हणून गप्प राहिले. तुमच्यासारखे तोंड असते तर तिथेच किंचाळले असते.

घरी येऊन मालनबाई मला समोर ठेवून विचार करत बसली. तिने शेजारच्या भीमाबाईला विचारले. भीमाबाई म्हणाली, "आमी तर आपला एक घोट घेतो. पर पोरीचं आमाला काय ठावं?" शेवटी मालनबाईने रोज भाकरी वाटायची तेच माप धरले. एका भाकरीची चार चतकोर करायची आणि पोरीला एक द्यायची. तिने बोटाने माझ्या अंगावर चार भाग पाडले आणि एक चतकोर औषध जर्मन धातूच्या वाटीत ओतले.

"पी माजी बाय. कडू हाय, पर पी. उद्या उड्या मारशील."

सगुणाने तोंड वेडेवाकडे केले, पण सगळे प्यायली.

मित्रांनो, जुलाब थांबवायच्या त्या औषधात अफूचा अंश होता. लहान मुलाला ते चमचाभर द्यायचे असते. ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक होती, कंपाउंडरला ठाऊक होती. आईला मात्र ती कुणी सांगितली नाही.

सगुणा झोपली. जुलाब थांबले. मालनबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "गुनाची गं तू!" मला ते कौतुक नको होते. जरा वेळाने तिने पोरीला पेज पाजायला हाक मारली. सगुणा उठेना. गालावर पाणी मारले, उठेना. ओठ निळसर झाले होते. श्वास एक यायचा आणि दुसऱ्याची वाट बघायला लावायचा.

मालनबाईने पोरीला खांद्यावर टाकले, मला ओच्यात खोचले आणि भर उन्हात ती अनवाणी धावत सुटली. बाभळीपाशी ती थांबली नाही. पायऱ्या चढली, ओटा ओलांडला आणि थेट डॉक्टरांच्या टेबलावर तिने लेकीला ठेवले.

"अरे, अरे! आत कुठं आलीस?" शामकांत ओरडले.

"मारा मला मागनं! आदी पोरीकडं बगा!"

डॉक्टर सुमंतांनी सगुणाची पापणी वर केली. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी मला हातात घेऊन उजेडात धरले. किती औषध कमी झाले ते बघून त्यांचा चेहरा उतरला. मग मात्र त्यांनी शिवाशिव काही बघितली नाही. पोरीला मांडीवर घेतले, नळी घालून पोट धुतले, काळी कॉफी करवून पाजली, तळपायावर चापट्या मारल्या. "झोपू देऊ नकोस, हाका मार!" ते म्हणत होते. मालनबाई हाका मारून मारून घोगरी झाली. शेवटी सगुणाने डोळे उघडले आणि भोकाड पसरले. त्या रडण्याइतके गोड मी काही ऐकलेले नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. माझा राग तर इथून वाढला.

पोरगी वाचली असे दिसताच डॉक्टर मालनबाईवर उखडले. "एवढं औषध एकदम पाजलंस? अक्कल आहे का? पोरगी हातची गेली असती!"

"मी समजावलं होतं," शामकांत म्हणाले. "रजिस्टरात लिहिलंय तसं."

मालनबाईने डोळे पुसले. रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हातातली बाटली तिने बोटाने दाखवली. तिच्यावर पांढरी पट्टी होती. मग तिने टेबलावरच्या माझ्याकडे बोट केले.

"त्या बाटलीला खूण हाय. हिला दावा, डाक्टरसायेब. मला अक्कल न्हाई, व्हय. पर हिला खूण कुटं हाय त्ये दावा."

डॉक्टर खाली बघू लागले. मी त्यांना सोडणार नाही, मित्रांनो. त्यांच्या खुर्चीतून ती बाभळ रोज दिसत होती. वरून पडणारी धार दिसत होती. रिवाज आहे म्हणून त्यांनी कधी विचारले नव्हते.

"शामकांत, पट्टी लावा हिला," ते हळूच म्हणाले.

शामकांतांनी पट्टी कापली, बारीक खाचा पाडल्या. मग एक रद्दी कागद घेतला आणि त्या कागदातून मला धरायला गेले.

"कागुद टाका," मालनबाई म्हणाली. "कागुदानं पट्टी वाकडी बसंल. परत माजीच पोर मरायची. बाटली नीट धरा."

ते डॉक्टरांकडे बघत राहिले. डॉक्टरांनी मान हलवली. कागद खाली पडला. शामकांतांनी मला उघड्या हाताने धरले आणि पट्टी सरळ बसवली. नंतर ते मोरीवर जाऊन खसाखसा हात धुऊ लागले. तेवढ्यात आपली बाटली घेऊन आमच्यामागोमाग आलेली भीमाबाई बाभळीखालून उठली, ओट्यावर चढली आणि ती बाटली खिडकीत ठेवून म्हणाली, "हात ओलंच ऱ्हाऊ द्या, सायेब. माजी बी हाय." तिच्यामागे बाकीचेही चढले.

सगुणा पुढे धावू लागली, भांडू लागली, शाळेतही गेली. लोक मला म्हणतात, पोर वाचली ना, मग कशाला धुसफुसतेस? मी म्हणते, तिच्याआधी त्या बाभळीखालून किती लेकरे गेली असतील, ते कुणी लिहून ठेवले आहे का?

म्हणून बाळांनो, एवढे ऐका. औषध सांभाळून वापरा. खूण पाहिल्याशिवाय थेंबही घेऊ नका. उद्या तुमच्यातले कुणी डॉक्टर होईल, कुणी कंपाउंडर होईल. तेव्हा औषध माणसाच्या हातात द्या, आणि कळले का ते विचारल्याशिवाय 'समजावले' असे लिहू नका. आणि तुम्ही खिडकीबाहेर असाल, तर 'किती द्यायचे' हे विचारा. कुणी ओरडले तर पुन्हा विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.