मेणातले दात

"जरा आ करा."

तिने मेणात बसवलेले दात थंड पाण्याच्या भांड्यातून काढले, झटकले आणि खुर्चीजवळ वाकली. आत्याने हात आडवा धरला. तिचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"मला अहो-जाहो कधीपासून करायला लागलीस गं, चिमे?"

"दवाखान्यात सगळ्यांनाच करते."

"सगळ्यांना कर की. मी काय सगळ्यांतली आहे?" आत्या हसली. दातांवाचून तिचे ओठ आत वळले होते, आणि प्रत्येक शब्दाबरोबर थोडी हवा निसटत होती.

आत येण्याआधी आत्या बाहेरच्या ज्या खुर्चीवर बसली होती, ती आईची. निवृत्त झाल्यावर आई तिथे बसून पेशंटना एकेक करून आत सोडायची. गेल्या महिन्यात आई गेली, तेव्हा आत्याने फोनवर सांगितलं होतं, गुडघे साथ देत नाहीत, कशी येऊ? कवळीचं माप द्यायला मात्र ती दोन जिने चढून आली. आजही आली.

"शनिवारपर्यंत हातात पडेल ना कवळी? रविवारी बसायचंय सगळ्यांनी. जावयाकडचे येणार, तुझे काका, तुझा बाप. मामा म्हणून त्याला बोलवावं लागतंच. पण तोंड उघडणार कोण? मीच. बाकीचे नुसत्या माना डोलावणार. बिनदातांची बोलायला लागले तर माझी नुसती फसफस ऐकत बसतील, आणि तिकडे पोरीचा संसार जाईल."

"तिचं काय बिनसलंय?"

"तिचं काय बिनसायचंय! गरीब गाय ती. बँकेत हिशेब जुळल्याशिवाय कोणाला सोडतात का? पण सासू चारचौघांत काय म्हणाली माहितेय? म्हणे, संध्याकाळी सात वाजता सुनेचं कसलं आलंय ऑफिस? माझ्या लेकीला! आणि जावई शेजारी बसून पेपर वाचतोय."

तिने दात परत पाण्यात ठेवले. खुर्चीवरचा दिवा उगाचच थोडा खाली ओढला.

त्या दिवशीही दिवाणखान्यात माणसं बसली होती. ती दहा वर्षांची होती आणि पडद्याच्या काठाला बोट गुंडाळून उभी होती. आई दारात आली, खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी. तेव्हा हेच वाक्य आत्या म्हणाली होती, याच शब्दांत. आजोबांनी घसा खाकरला. बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. आई काही बोलणार, तेवढ्यात काका म्हणाले, "आधी चहा टाक." आईने टाकला. त्या घरात तिला दुसरं काही कोणी विचारलंच नाही. वर्षभरात मायलेकी भाड्याच्या एका खोलीत राहायला गेल्या. तिथे जाब विचारणारं कोणी नव्हतं. तरीही निवृत्त होईपर्यंत आई रोज दारातूनच सांगत आत यायची, बस चुकली गं, साहेबांनी थांबवलं गं.

आत्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिच्या तोंडावर नुसता राग होता, लेकीसाठीचा, खराखुरा.

मेणातले दात पक्के करून घ्यायला दोन दिवस पुरतात. मनात आणलं तर आठ दिवसही लागतात.

"आ करा."

या वेळी आत्याने आ केला. तिने वरचे दात बसवले, खालचे बसवले, अंगठ्याने दाबून पाहिले. आत वळलेले ओठ भरून आले आणि आत्याचा जुना चेहरा परत आला.

"एकसष्टपासून मोजा. स कसा येतो ते बघू."

आत्या मोजू लागली. पासष्टपर्यंत बारीक शिट्टी वाजत होती, मग थांबली.

"आता एखादं अख्खं वाक्य. मघाचंच म्हणा, त्यात स पुष्कळ आहेत."

"कुठलं गं?"

"तुमच्या विहीणबाईंचं."

आत्याने मान वेळावून विहीणबाईंचा आवाज काढला. "संध्याकाळी सात वाजता सुनेचं कसलं आलंय ऑफिस?" आणि स्वतःच हसली.

"पुन्हा."

आत्या पुन्हा म्हणाली.

"थोडं मोठ्यानं. समोर चार वडीलधारी माणसं बसलीत असं समजा. शेजारी भाऊ आहे. सून दारात उभी आहे, हातात भाजीची पिशवी."

"संध्याकाळी सात..." आत्या थांबली. तिच्या बोटांनी खुर्चीचा हात धरला.

"थांबलात का? स अजून घसरतोय."

स केव्हाच नीट आला होता. आत्यालाही ते ऐकू आलं असणार. तरी तिने वाक्य पुरं केलं, हळू, भाचीकडे न बघता. भरल्या तोंडाचा तो आवाज त्या दिवशीसारखाच होता, एकही अक्षर न सांडणारा.

"चिमे," ती म्हणाली, "तुझी आई..."

"मेण आहे, आत्या. तोंडाच्या उबेनं दात हलतात." बोलता बोलताच तिने आधी खालचे, मग वरचे दात काढून घेतले आणि पाण्यात सोडले.

आत्याचे ओठ आत वळले. दोनदा हलले. नुसती हवा बाहेर आली.

तिने हातमोजे काढले, हात धुतले, बोटं एकेक करून पुसली. मागे आत्या पदराने तोंड टिपत होती. हनुवटीवरून पदर डोळ्यांपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"शनिवारी मिळेल ना?" आत्याने पदराआडूनच विचारलं.

"मिळेल. संध्याकाळी सातला या. त्याआधी मी मोकळी नसते."

आत्याने मान हलवली. खुर्चीतून उठताना तिने आधारासाठी हात पुढे केला. भाचीने तो धरला, आत्या उभी राहताच सोडला.

"रविवारी मीही येतेय."

"तू कशाला?"

"दात कसे बसलेत ते बघायला. बाबा कुठे बसतील?"

"दाराजवळ बसतो तो. त्याला हल्ली कमी ऐकू येतं."

"मग लेकीच्या बाजूने जे बोलायचंय ते त्यांना ऐकू जाईल असं बोला." तिने दातांच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "नाही गेलं, तर मी तिथेही म्हणेन, 'पुन्हा.'"