शिखराचा चुना आणि फक्रुद्दीनचा डावा कान

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मी मनुष्याच्या रक्तातील कस, त्याच्या कानाच्या अंतर्भागातील तोल आणि एका देवळाचे शिखर या तीन विषयांचे यथाशक्ति निरूपण करणार आहे. हे विषय परस्परांपासून दूर भासतात. परंतु आमच्या गावी, सन १९७४ च्या चैत्रात, ते एकाच माणसाच्या ठायी एकत्र आले. तो माणूस म्हणजे माझा बालमित्र फक्रुद्दीन होय. या प्रकरणी मजकडून जो प्रमाद घडला, तोही मी लपविणार नाही.

आमचे गाव शेवगावपासून चार कोसांवर. तेथे माझी पिठाची गिरणी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तथापि वाचनाचा नाद असल्यामुळे गावात कोणाचाही कागद आला की तो प्रथम माझ्याकडे येतो. फक्रुद्दीनच्या घराण्याकडे भैरवनाथाच्या शिखराला यात्रेपूर्वी चुना देण्याचा मान आजोबांपासून चालत आलेला. कळसाखालच्या गोल कड्याला पहिला हात त्यांचाच लागावा असा दंडक आहे, आणि ज्या वर्षी तेथे दुसऱ्याचा हात लागेल, त्या वर्षापासून मान त्या दुसऱ्याचा. दुष्काळाच्या दोन सालांत पाण्याअभावी चुना कालवलाच गेला नव्हता. म्हणून यंदा सर्व गावाचे लक्ष शिखराकडे लागले होते.

अशा समयी, माघ महिन्यात, फक्रुद्दीनला घेरी येऊ लागली.

"डाव्या कुशीला वळलो का आढं गरागरा फिरतंय बग," तो गिरणीत येऊन म्हणाला. "वर मान केली तरी तेच. आन् शिखरावर तर वरच बगावं लागतं."

दळणाला आलेल्या गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "बायकूनं हाणलंबिणलं काय रं?"

"तिनं हाणलं आस्तं तर दोन्ही बाजूंनी फिरलं आस्तं, मावशे."

हे वर्तमान सायंकाळपर्यंत आबासाहेबांकडे पोहोचले. आबासाहेब हे देवस्थानचे प्रमुख पंच. ते स्वतः चालत आले आणि म्हणाले, "फकूभाई, जमत नसंल तर आत्ताच सांग. नगरहून रंगारी आणू. यात्रा काय थांबायची न्हाई."

फक्रुद्दीन खाली मान घालून सदऱ्यावरचे पीठ झटकू लागला. ते मला पाहवले नाही. दुसऱ्याच दिवशी मी त्यास एस.टी.त बसवून नगरला एका डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी त्यास टेबलावर झपकन आडवे केले, डोके डावीकडे वळवून कडेखाली लोंबते ठेवले आणि त्याच्या डोळ्यांत पाहिले. फक्रुद्दीनची बुबुळे थरथरू लागली व त्याने माझे मनगट असे आवळले की पुढे दोन दिवस मला गिरणीचा पट्टा चढविता आला नाही. नंतर बोटाला सुई टोचून रक्त काढले गेले. डॉक्टर म्हणाले, "दोन गोष्टी आहेत. रक्तात लोह कमी आहे. हिमोग्लोबिन आठ भरलं, पुरुषाला चौदाच्या आसपास हवं. त्यानं थकवा येतो. पण घर फिरतं ते कानामुळं. कानाच्या अगदी आत तोल सांभाळणारी जागा असते, तिथं बिघाड आहे. ज्या बाजूला चक्कर येते, त्याच बाजूला रोज मुद्दाम आडवं व्हायचं. चक्कर थांबेपर्यंत तसंच राहायचं, मग उठून बसायचं. असं सकाळ-संध्याकाळ दहा वेळा."

ही सूचना त्यांनी कागदावरही लिहून दिली. एस.टी.त मी तो कागद तीनदा वाचला. चक्कर येणाऱ्यास मुद्दाम चक्कर आणावी, हे माझ्या बुद्धीस पटेना. विद्वान माणसाच्या हातूनही घाईत एखादा शब्द गळतो, असा विचार करून मी अर्थ दुरुस्त केला आणि फक्रुद्दीनला सांगितले, "डावी कूस संपूर्ण वर्ज्य."

त्याच्या पत्नीने, बद्रुन्निसाने, या आज्ञेचे पालन इतक्या निष्ठेने केले की रोज निजताना त्याच्या डाव्या अंगाला बाजरीचे अर्धे पोते टेकवून ठेवले.

रक्ताची वार्ता मात्र गिरणीतून गावभर झाली. आठ हा आकडा लोकांनी परीक्षेच्या गुणांसारखा मनास लावून घेतला.

"चौदापैकी आठच?" गोजरबाई म्हणाल्या. "दोन सालं दुष्काळात ती परदेशी मिलो जवारी खाऊन खडी फोडली, त्यात एवढं मिळालं तरी लई झालं. आता आपुन वाढवू."

त्यानंतर जे घडले ते अपूर्व होते. गावाचे शिखर ज्याच्या हातात, त्याचे रक्तही गावाचेच, अशा भावनेने घरोघरचे डबे फक्रुद्दीनच्या ओट्यावर येऊ लागले. कोणी हळिवाचे लाडू आणले, कोणी मेथीची भाजी, कोणी गूळ-शेंगदाणे. खाटकाकडून कलेजी येई. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या मी माझ्या समक्ष गिळवीत असे. फक्रुद्दीनचे गाल भरले, सदऱ्याचे बटण लागेना.

"अवो, शिखराला चुना द्यायचाय, का तुमचंच शिखर करायचंय?" बद्रुन्निसा त्यास विचारी.

पाच आठवड्यांनी आम्ही पुन्हा नगर गाठले. रक्त अकरा भरले! माझ्या मुखावर हर्ष पसरतो न पसरतो तोच डॉक्टरांनी त्यास पुन्हा आडवे केले आणि फक्रुद्दीन ओरडला. घेरी तसूभरही हटली नव्हती.

"व्यायाम केला का?" डॉक्टरांनी विचारले.

फक्रुद्दीनने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले. अखेर बाजरीच्या पोत्यासह सर्व हकीकत मी निवेदन केली. डॉक्टर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"रक्त तुम्ही गावानं मिळून उत्तम वाढवलंत," ते म्हणाले. "पण कानाला कलेजी खाऊन काय कळणार? त्याला सवय लावावी लागते. ती डबा देऊन होत नाही."

परतीच्या प्रवासात फक्रुद्दीन एवढेच म्हणाला, "सूर्यभान, त्वा सातवीतच शाळा सोडली ते बरं झालं. आठवीत गेला आस्तास तर मला मारलाच आस्तास."

यात्रेस पंधरा दिवस उरले होते. आबासाहेबांनी नगरच्या रंगाऱ्यास सांगावा धाडण्याची भाषा सुरू केली. पोते हलविण्यात आले. रोज सकाळी व सायंकाळी फक्रुद्दीन खाटेवर बसे, डावीकडे कोसळे, बद्रुन्निसा त्याचे डोके धरी आणि मी तीसपर्यंत अंक मोजीत असे. प्रारंभी तो तिसाव्या अंकापर्यंत कण्हत असे. आठव्या दिवशी विसाव्याला थांबला. तेराव्या दिवशी पाचव्या अंकाला म्हणाला, "बास कर, आढं जाग्यावर हाय."

त्याच दिवशी नगरला तपासून डॉक्टरांनी चढण्यास अनुमती दिली, परंतु दोन अटींवर : कमरेला दोर असावा, आणि आणखी काही आठवडे मान मागे टाकून वर पाहू नये. आता कळसाखालचे कडे वर न पाहता रंगवावे कसे? मी ठरविले की खालून मीच मार्गदर्शन करावे.

चढण्याच्या दिवशी सकाळी अवघे गाव देवळापुढे जमले. चौघांनी दोर धरला. फक्रुद्दीन समोर दृष्टी ठेवून शिडीची एकेक पायरी वर गेला, आणि कड्याखाली पोहोचून त्याने कुंचला डोक्यावर उचलला.

"किंचित ईशान्येस!" मी गर्जलो. "तदनंतर ऊर्ध्व दिशेने!"

कुंचला हवेत थांबला. वरून आवाज आला, "सूर्यभान, गावातलं बोल की! डावं का उजवं?"

मी घाबरून "डावं" म्हणालो; म्हणायचे होते उजवे, आणि चुन्याचा फटकारा कड्याऐवजी हवेत गेला. त्याचे शरीर हलले. चौघांनी दोर ताणला. आबासाहेब पुटपुटले, "उतरवा त्याला खाली."

तेव्हा बद्रुन्निसा पुढे आली. इतकी वर्षे चुना तीच कालवीत असे. वर चढलेल्या नवऱ्याला मात्र तिने खालून कधी ओरडून सांगितले नव्हते.

"अवो, हालू नका. श्वास घ्या. आता तुमचा जेवायचा हात वर... आजून... टेकला बगा. वढा आता तुमच्याकडं."

कुंचला कड्याला टेकला आणि पांढरी रेघ उमटली. ती बोलत गेली, तो फिरत गेला. वर एकदाही न पाहता त्याने कडे पूर्ण केले.

खाली उतरल्यावर तो फरशीवर बसला. आबासाहेबांनी मानाचा नारळ पुढे केला. फक्रुद्दीनने तो घेतला आणि बायकोच्या ओंजळीत ठेवला. आबासाहेबांनी टोपी सरळ केली, मग म्हणाले, "पुढल्या साली दोगांनाबी बोलवायला लागंल."

"मला कालवायचं काम हाय तेवढं पुरं," बद्रुन्निसा म्हणाली, पण नारळ तिने परत दिला नाही.

वाचकहो, आपण आपला अमूल्य वेळ या माझ्या ओबडधोबड लेखनास दिलात, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. आपली रक्ते सकस राहोत व कान स्थिर राहोत.

— सूर्यभान गहिनीनाथ नजन, पिठाची गिरणी, तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर