कोकिळाचा तळहात

दवाखान्यातल्या योगेंद्रने दिपमालाच्या डोक्यावर एकेक करून एकवीस वायरी डकवल्या, वरून पांढरी पट्टी गुंडाळली, छातीवर आणखी दोन लावल्या आणि मग तो तिच्या आईकडे वळला. "मावशी, तुम्हाला दोनच कामं. फिट आली की हे बटण दाबायचं. आणि पोरीच्या अंगावर काही टाकायचं नाही. गोधडी नाही, पदर नाही. कॅमेऱ्याला ती पूर्ण दिसली पाहिजे."

कोकिळाने मान हलवली. दिवस बरे असते तर तिला हसूच आलं असतं. पोरींची फिट लपवण्यात तिची बरोबरी करणारी बाई अख्ख्या धरणगाव तालुक्यात सापडली नसती. पोरीने ओठ चावल्यासारखे केले की ही ओळखायची, हातात मिनिटभर आहे. तेवढ्यात पोरीला उचलून आतल्या खोलीत न्यायची, अंगावर पदर टाकायची आणि बाहेर येऊन "जरा डोकं दुखतंय तिचं" असं सहज सांगायची. लग्नात, हळदीकुंकवात, सख्ख्या जावेच्या डोळ्यांदेखत तिने हे निभावलं होतं. फेफऱ्याची पोर म्हणून एकदा नाव झालं की दारात स्थळ येत नाही, एवढं एकच तिला कळत होतं आणि ते मात्र पक्कं कळत होतं.

दिपमाला धाकटी. थोरली डिंपल सात वर्षांपूर्वी गेली, तीही फिटमध्येच. निदान सगळ्या गावाला तरी एवढंच ठाऊक होतं.

त्या दिवशी शिरपूरचे पाहुणे डिंपलला बघायला आले होते. बाहेर सात माणसं पोहे खात बसलेली, आत डिंपल नवी साडी नेसून तयार. पदर नीट करता करता कोकिळाला तिचे ओठ हललेले दिसले. पोर खाली कोसळली आणि तिच्या घशातून तो आवाज निघाला, वासरू हंबरावं तसा. मधे नुसता पडदा. कोकिळाने तिच्या तोंडावर हात दाबला. आवाज बाहेर जाऊ नये, बस्स. पोर शांत होईपर्यंत तिने हात काढला नाही. पोर शांत झाली. कोकिळाने सुटकेचा श्वास सोडला, हात काढला, आणि मग तिला पोरीचे निळे पडलेले ओठ दिसले.

फिटमध्ये हृदय बंद पडलं, असं गावातले डॉक्टर म्हणाले. हाताचं कोणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. नवऱ्याला, प्रेमराजलाही नाही.

पण तेव्हापासून उजव्या तळहाताला काहीतरी लागलं होतं. भाकरी थापताना, कापूस वेचताना, देवापुढे हात जोडताना अचानक तिथे ओलसर ऊब यायची. कोणी आतून श्वास सोडतंय अशी. तिने राखेने हात घासले, मेंदी लावून पाहिली. एका भगताने लिंबू उतरवून वाड्यावस्तीवरची हडळ असल्याचं सांगितलं, तेव्हा कोकिळा मनात म्हणाली, मेल्या, तुला काय कळतंय. हडळीला झाडं पडली आहेत राहायला. माझं भूत तळहाताएवढं आहे आणि त्याला मी नऊ महिने पोटात वागवलंय.

मग दिपमालालाही फिट येऊ लागल्या. तिची तऱ्हा जरा वेगळी होती. आधी ओठांची हालचाल, मग आवाज आणि मग पोर एकदम पांढरीफटक पडून लुळी व्हायची. वर्षभर लपवून झालं. शेवटी प्रेमराजने ऐकलं नाही आणि दोघींना धुळ्याला देवपूरच्या या दवाखान्यात आणून सोडलं. इथल्या मॅडमनी, थोरली फिटमध्ये गेली तेही, सगळं ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "काही जणांना मेंदूत फिट सुरू झाली की हृदयच थोडा वेळ थांबतं. हिचं तसं होतंय का ते बघायला हवं. मेंदूच्या आणि हृदयाच्या रेषा सोबत काढू आणि व्हिडिओही घेऊ. गोळ्या कमी करू, म्हणजे फिट इथेच येईल."

हे ऐकलं आणि कोकिळाच्या मनात एक विचार आला. तो आल्याबरोबर तिला स्वतःची किळस वाटली, पण तो गेला नाही. धाकटीचं हृदय जर आपोआप थांबत असेल, तर थोरलीचंही आपोआपच थांबलं असणार. मग हाताचा दोष नाही. म्हणजे पोटच्या पोरीचं काळीज थांबावं, निदान घटकाभर थांबावं, म्हणून ही आई तीन दिवस खुर्चीत बसून वाट बघत होती. देवाला काय मागावं तेही तिला कळेनासं झालं होतं.

मशीनच्या पडद्यावर मेंदूच्या रेषा वरून खाली दाटीने चालायच्या, अगदी तळाला हृदयाची. कोकिळाची नजर तिथून हलायची नाही. कोपऱ्यात छोट्या चौकटीत खाट दिसायची आणि खाटेजवळ पाठमोरी एक बाई. पहिल्या दिवशी तिने योगेंद्रला विचारलं होतं, "ती कोन बठेल शे तठे?" तो हसून म्हणाला, "तुम्हीच की, मावशी." ते कळल्यावरही चौकटीकडे बघायचं ती टाळू लागली. त्या बाईचा तिला भरवसा वाटत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत फिट आली. दिपमाला केळं सोलत होती. तिचे ओठ हलले, केळं खाली पडलं. पुढचं कोकिळाला नीट आठवत नाही. मशीन वाजू लागलं, सिस्टर धावत आली, योगेंद्र आला, कोणीतरी तिला बाजूला केलं, आणि थोड्या वेळाने पोरीने मोठा श्वास घेतला. बटण आपण दाबलं, एवढं तिला पक्कं आठवत होतं. दिपमाला शुद्धीवर आल्यावर तिलाही तिने शपथेवर तेच सांगितलं.

संध्याकाळी मॅडम खोलीत आल्या आणि त्यांनी सकाळच्या फिटचं रेकॉर्डिंग लावलं. "माले बी दखाडा," दिपमाला म्हणाली. पट्टी बांधलेलं डोकं उशीला टेकवून ती पडद्याकडे बघत बसली. कोकिळा तिच्या शेजारी उभी राहिली.

"ही फिट सुरू झाली, मेंदूच्या या बाजूला," मॅडमनी बोट ठेवलं. "आता खाली बघा. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं, सतरा सेकंद."

तळाची रेषा सरळ झाली होती, घरात कोणी नसल्यासारखी.

"सोळा सेकंद. मग हृदय आपलं आपण सुरू झालं. पण दर वेळी होईलच असं नाही, म्हणून छातीत एक छोटं यंत्र बसवावं लागेल. ते बसलं की ही भीती राहणार नाही."

आपलं आपण थांबलं! कोकिळाचे डोळे भरून आले. सात वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, आपण माणसांत आहोत. तिने चौकटीत पाहिलं, आणि तेवढ्यात चौकटीतल्या बाईने हात पुढे केला. बटणाकडे नाही. बटण तिच्या गुडघ्याखाली पडलेलं होतं. तिचा उजवा हात पोरीच्या तोंडावर गेला आणि घट्ट बसला. अकरा बेचाळीस एकवीस. पस्तिसाव्या सेकंदाला सिस्टरने तो हात दोन्ही हातांनी ओढून काढला, तेव्हा कुठे पोरीने तो मोठा श्वास घेतला.

"बऱ्याच घरचे लोक घाबरून असं करतात," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण पुन्हा करू नका. तुमच्या हाताच्या आधी हृदय थांबलं होतं, ते तुमच्यामुळे नाही. एवढं लक्षात ठेवा."

कोकिळाने रेषेकडे बोट केलं. "मॅडम, तेहेतिसाव्याला काळीज चालू झालं. चालू झालं, पण तोंडावरचा हात कोणी काढलाच नाही, तर?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना बहुधा सगळं समजलं.

"तुम्ही कोणाबद्दल विचारताय ते मला कळतंय. तिच्या रेषा कोणी काढल्या नव्हत्या. नाही सांगता येणार मला. कोणालाच नाही सांगता येणार."

त्या गेल्या. योगेंद्र मशीन बंद करून गेला. तळहाताला ऊब आली होती, पण आता ती नेमकी कोणत्या पोरीची, हेही कळायला मार्ग नव्हता. कोकिळाने हात पदराखाली लपवला.

"माय," दिपमाला म्हणाली. "त्या दिनले मी पडदामांगे उभी व्हती. पाहुणासले पानी लेवाले उनी व्हती. माले बठ्ठं दखायनं."

कोकिळा खाली बसली. सात वर्षं ही गोष्ट फक्त आपल्या हाताला ठाऊक आहे असं ती समजत होती.

"आठे मन्हासंगे तुनी बहीन, मावशी, येस म्हने. मीच नको म्हनं. आठे कॅमेरा शे म्हनीसन तुलेच बलावं. माले दखनं व्हतं, तुना हात कसा येस ते." तिचा आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "आते समजनं. तू जानीसन नही करस. तुले मालूमच नही पडस. सात वरीस माले वाटे, लगीन मोडी म्हनीसन तू तिले जानीसन मारं."

एक लेक गेली होती, आणि उरलेली लेक तिला खुनी समजून तिच्याच हातचं खात होती, तिच्याच कुशीला अंथरूण टाकत होती. मोठ्या कष्टाने तिने विचारलं, "मंग इतला दिन मन्हाजोडे कशी झोपे तू?"

दिपमालाने डोळे मिटले.

"झोपे कोन, माय?"