गाळलेला प्रश्न

क्लेटन शॅफरने रूबेनच्या कमरेचा विधीसाठीचा पांढरा अ‍ॅप्रन सोडला आणि पुन्हा बांधला. तो आधीही नीटच होता, पण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"खाली काय बघतोस? चिल्लर सांडलीय का?"

"आठवतोय, ब्रदर क्लेटन."

"आठवू नकोस. आठवायला गेलं की पळतं. स्कूलबस चालवताना गिअर शोधत बसतोस का?"

"माझ्या बसला गिअर बदलावे लागत नाहीत."

"मग ब्रेक तरी कुठे आहे ते माहीत असेल. चल."

आत चाळीस माणसं बसली होती. एरवी मिलर्स फेरी गावातल्या या लॉजमध्ये, म्हणजे बंधुमंडळाच्या सभागृहात, वीस डोकी जमली तरी खूप. पण आज जिल्ह्याचे निरीक्षक लिंडक्विस्ट आले होते आणि ते कशासाठी आले हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

या लॉजचं शिक्षण कधी कागदावर उतरलं नाही. शिक्षकाने कानात सांगायचं, शिकणाऱ्याने परत म्हणायचं, असे महिने काढायचे. मग एका संध्याकाळी सगळ्यांसमोर शिक्षक प्रश्न विचारणार आणि शिकणारा उत्तरं देणार. शब्द चुकला तर बसल्या जागेवरून कोणीही टोकावं अशी मुभा होती. मागच्या बाकावरची सात म्हातारी मंडळी तर त्यासाठीच जगत होती. अर्ल हेसने एकदा एका न्यायाधीशाला एका 'आणि'वरून तीनदा थांबवलं होतं आणि ती गोष्ट तो अजून सांगत असे.

लॉजचा यंदाचा मास्टर, म्हणजे प्रमुख, ट्रेंट बोयर चौतीस वर्षांचा होता. त्याचं भांडण क्लेटनशी नव्हतं, घोकंपट्टीशी होतं. "लोक पोपटासारखं म्हणतात आणि अर्थ विचारला की छताकडे बघतात," असं तो म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. त्याने इतिहासावर, चिन्हांच्या अर्थावर पडद्यावर बघायचे धडे तयार केले होते. भिंतीवर पडदाही लावून झाला होता. दोन्ही बाजूंनी बरीच खडाजंगी झाल्यावर एक तोड निघाली: रूबेन आज निरीक्षकांसमोर बिनचूक पास झाला तर क्लेटनचा वर्ग राहील. नाही तर नव्या वर्षापासून पडदा.

क्लेटनला एकोणऐंशीवं चालू होतं. बायको कधीच गेली होती, मुलगा वेन सहा वर्षांपूर्वी गेला. उरला होता तो दर मंगळवार: गराजमधला हीटर, दोन घडीच्या खुर्च्या आणि दुसऱ्या खुर्चीत कोणीतरी शिकणारा. तेवढंही गेलं तर आठवड्याचे सातही दिवस सारखेच होणार होते. त्याला त्याची भीती वाटत होती.

त्या दालनाच्या मधोमध रूबेन उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताला, रिवाजाप्रमाणे, क्लेटन.

"कुठून आलास?"

रूबेनने उत्तर दिलं. पहिल्या दोन उत्तरांत आवाज कापला, मग लागला. प्रश्नामागून प्रश्न, उत्तरामागून उत्तर. मागचा बाक कान टवकारून बसला होता आणि त्याला चुकलेला एकही शब्द सापडत नव्हता. ट्रेंटच्या तोंडावरसुद्धा कौतुक दिसायला लागलं. शेवटचं उत्तर संपलं.

"ज्यांना मान्य आहे त्यांनी..." ट्रेंट म्हणाला आणि हात वर जायला लागले.

"थांबा." लिंडक्विस्ट उठले. "एक प्रश्न राहिला."

"नाही राहिला," क्लेटन म्हणाला. "चाळीस वर्षं शिकवतोय मी."

"म्हणूनच आश्चर्य वाटलं. दाराबद्दलच्या प्रश्नानंतरचा."

"त्याच्यानंतर काही नाही."

ट्रेंट खुर्चीतून पुढे झुकला. त्याला हवं ते घडत होतं, तरी त्याने प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. "ब्रदर निरीक्षक, मीही यांच्याकडेच शिकलो. असा प्रश्न नाही."

"केव्हा शिकलात?"

"चार वर्षांपूर्वी."

"आणि त्याआधी शिकलेले कोण आहेत इथे?" लिंडक्विस्ट मागच्या बाकाकडे वळले. "ब्रदर हेस, तुम्ही सांगा. प्रश्न आहे की नाही?"

अर्ल हेस आपल्या बुटांकडे बघत होता. त्याच्या शेजारचाही. क्लेटनने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. सातही जण आपापले बूट नव्यानेच घेतल्यासारखे न्याहाळत होते.

एका 'आणि'साठी न्यायाधीशाला न सोडणारी माणसं. सहा वर्षांत अकरा जणांची परीक्षा झाली आणि अकरा वेळा एक अख्खा प्रश्न त्यांनी मुकाट्याने जाऊ दिला होता.

तेव्हा क्लेटनला तो आठवला.

वेन गेल्यानंतरचा पहिलाच मंगळवार होता. दाराचा प्रश्न झाला, पुढचा ओठांवर आला आणि तिथेच थांबला. आज राहू दे, पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून त्याने तो ओलांडला होता. पुढच्या खेपेलाही ओलांडला. पायरी मोडकी असली की पाय आपोआप पुढची गाठतो, तसं झालं. आणि मग तिथे पायरी होती हेच तो विसरला. लॉजमध्ये येणारा प्रत्येक नवा माणूस ते भोक घेऊनच शिकला. खुद्द मास्टरसुद्धा.

"प्रश्न विचारणं शिक्षकाचं काम," लिंडक्विस्ट म्हणाले. त्यांचा सूर कडक नव्हता. वेनबद्दल त्यांना काही माहीतच नव्हतं. "मी नाही विचारू शकत."

अर्ल अर्धवट उठला. "ब्रदर निरीक्षक, पुढच्या महिन्यात घेतली परीक्षा तर? खाली जेवणातलं हॅम गार होतंय, बायका ओरडतील."

"बस खाली, अर्ल," क्लेटन म्हणाला.

"क्लेट, अरे, कशाला..."

"बस म्हटलं ना."

रूबेनच्या मानेवर घामाचा ओघळ उतरत होता. त्याला एवढंच कळत होतं की आपण नापास होतोय आणि का ते कोणी सांगत नाहीये. क्लेटनने घसा साफ केला. मग तो रूबेनकडे वळला.

"तुला दारापर्यंत कोणी आणलं?"

"एका मित्राने," रूबेनने पाठ केलेलं उत्तर दिलं.

"तो मित्र..." त्याने वाक्य परत पहिल्यापासून घेतलं. "तो मित्र आता कुठे आहे?"

रूबेनला उत्तर माहीत नव्हतं. कसं असणार?

वेनला माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी याच जागी त्याने ते खणखणीत दिलं होतं, कारण त्याला दारापर्यंत आणणारा मित्र त्याचा बापच होता आणि शेजारीच उभा होता. पुढे पिट्सबर्गच्या हॉस्पिटलमध्ये वेन शेवटच्या घटका मोजत होता तेव्हा हाच बाप हायवेवर बर्फात अडकून पडला. तासभर उशीर झाला. नर्सने सांगितलं, तो सारखा दाराकडे बघत होता. त्यानंतर ते उत्तर कोणाच्या कानात कोणत्या तोंडाने सांगायचं?

क्लेटन वाकला. रूबेनच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन त्याने ते सांगितलं. वेळ लागला. शब्द चारच होते.

रूबेनने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग समोर.

"माझ्या उजव्या हाताला उभा."

आणि मग मागच्या बाकावरून, सहा वर्षं दाबून ठेवलेला, अर्ल हेसचा चिरका, भांडकुदळ आवाज आला.

"चूक! 'उभा' कुठून आणलास? माझ्या उजव्या हाताला *आहे*. नुसतं 'आहे'!"

"बरोबर," दुसरा म्हातारा म्हणाला. "'उभा' नाही त्यात."

"कधीच नव्हता," तिसरा म्हणाला.

अर्लचे डोळे वाहत होते, पण हात मात्र न्यायाधीशाला थांबवावं तसा ताठ वर होता. क्लेटनने बाहीने तोंड पुसलं.

"ऐकलंस ना, रूबेन? माझी चूक. परत म्हण."

"माझ्या उजव्या हाताला आहे."

मागच्या बाकाने या वेळी काही काढलं नाही. ट्रेंटने लिंडक्विस्टांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग खुर्चीवरून उतरून खाली आला. मास्टरने असं मधेच उतरायचं नसतं, पण टोकायचं कोणाला सुचलं नाही.

"निरीक्षक काय लिहायचं ते लिहितील," तो हळूच म्हणाला. "पण मलाही हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. आम्हा अकरा जणांना. मंगळवारी आलो तर चालेल?"

क्लेटनने रूबेनच्या अ‍ॅप्रनची गाठ पुन्हा एकदा तपासली.

"ये," तो म्हणाला. "येताना खुर्ची घेऊन ये. माझ्याकडे दोनच आहेत."